बावीस पॉइंट चार लिटर आणि नामपूरचं लग्न

आयुष्यभर काय केलं असं कोणी विचारलं, तर माझं खरं उत्तर असं आहे: एकतीस वर्षं मी पोरांना लिटरचे मोल आणि मोलचे लिटर करायला लावले. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका विद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवायचे. शाळा आणि ज्युनिअर कॉलेज एकाच आवारात, त्यामुळे नववीतही मी आणि बारावीतही मीच. एकदा माझ्या तावडीत सापडलेला विद्यार्थी चार वर्षं सुटत नसे. पोरं मला पाठीमागे ‘बावीस पॉइंट चार’ म्हणत. पगारे मॅडम हे नाव फक्त हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर होतं.

ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या भागात कांदा कोणी मोजत नाही, ट्रॅक्टर काट्यावर चढवतात. रसायनशास्त्राचंही तेच आहे. कण इतके बारीक आणि इतके अफाट की मोजायचं नावच नको. म्हणून कणांचा एक ठरावीक, भलामोठा ढीग मानला आणि त्याला नाव दिलं मोल. घन पदार्थाचा मोल वजनावरून कळतो. वायूचं आणखी सोपं, त्याचं आकारमान बघायचं. शून्य अंश तापमान आणि समुद्रकाठचा हवेचा दाब असेल, तर कुठल्याही वायूचा एक मोल बावीस पॉइंट चार लिटर जागा घेतो. हायड्रोजन असो नाहीतर कार्बन डायऑक्साइड, जागा तेवढीच.

इथे वर्गात दरवर्षी बंड व्हायचं. “मॅडम, एका क्रेटमध्ये जेवढे द्राक्षाचे मणी बसतात तेवढी कलिंगडं कशी बसतील?” हा प्रश्न मला निदान वीस वेळा आला असेल. मी खिडकीतून मैदान दाखवायचे. “तिथं पन्नास पोरं पकडापकडी खेळतायत. त्यातली निम्मी जाडी झाली तर मैदान वाढवावं लागेल का? वायूचे कण असेच पळत असतात. जागा त्यांना पळायला लागते, बसायला नाही.” त्यावर मागच्या बाकावरून आवाज यायचा, “आम्ही पण जाऊ का मॅडम पळायला?”

दुसरी अडचण आपल्या भाषेची. आपल्याकडे मोल म्हणजे किंमत. नववीच्या एका पेपरात मी विचारलं होतं, ‘११.२ लिटर ऑक्सिजनचे मोल काढा.’ एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘ऑक्सिजनचे मोल करता येत नाही. तो अनमोल आहे.’ खाली दोन रेघा मारून तिने उत्तर अधोरेखित केलं होतं. मी शून्य दिलं. तो पेपर मात्र अजून माझ्याकडे आहे.

बावीस पॉइंट चार लिटर म्हणजे नेमकं केवढं हे पोरांना दिसावं म्हणून मी एकदा घरी पुठ्ठ्याचा चौकोनी खोका बनवला. प्रत्येक बाजू अठ्ठावीस सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. त्यावर मार्करने लिहिलं ‘१ मोल’. मी नाशिक रोडला राहायचे, जाणं-येणं एसटीने. खोका मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, “ताई, काय आहे याच्यात?”

“काही नाही. हवा आहे.”

“हवा?”

“एक मोल.”

तो दोन पावलं मागे सरकला. शेजारच्या आजोबांनी खोक्याला कान लावला. ओझरला एक बाई उतरताना म्हणाली, “काळजी घ्या हो,” आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली की खोक्याकडे, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

सगळ्यात मोठं संकट आलं ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. सायली नावाची हुशार मुलगी शहरातल्या क्लासला जायची. तिने वर्गात हात वर केला. “मॅडम, तुमचं चुकलं. आमच्या क्लासच्या पुस्तकात बावीस पॉइंट सात आहे.”

वर्ग आनंदाने गप्प झाला. मी समजावलं की शास्त्रज्ञांनी प्रमाण दाबाची व्याख्या थोडी खाली आणली, दाब किंचित कमी धरला की वायू किंचित पसरतो, म्हणून सात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. समजावलं खरं, पण आतून मला कोणीतरी माझी जन्मतारीखच चुकीची आहे असं सांगितल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं: ‘मॅडम वाढल्या. पॉइंट तीनने.’

एवढी वर्षं हे केलं आणि समाधानाने निवृत्त झाले. त्यानंतर तिसऱ्या वर्षी मे महिन्यात हर्षदाच्या लग्नाचं बोलावणं आलं.

हर्षदा माझी आवडती विद्यार्थिनी. मूळची नामपूरची, पण पिंपळगावला मावशीकडे राहून शिकली आणि पुढे फार्मसीला गेली. लग्न नामपूरला, संध्याकाळचं. एवढ्या उन्हात बस बदलत कसं जावं या विचारात होते, तेवढ्यात गोरखचा फोन आला. हाही माझाच विद्यार्थी. प्रयोगशाळेत त्याचे हात फार चांगले, पेपरात तितकेच वाईट. रबरी बुचाला भोक पाडून काचेची नळी न मोडता बसवायची तर ती गोरखनेच. आता तो लग्नाचं डेकोरेशन करायचा.

“मॅडम, हर्षदाच्या लग्नाचं काम माझ्याकडंच हाय. माणसं सकाळीच गेली सामान घेऊन. मी दुपारी निघतो, तुम्ही बसा माझ्या गाडीत. एसी हाय.”

दुपारी दोनला गाडी दारात आली. मोठी व्हॅन, मागच्या सीटा काढलेल्या, तिथे घोंगड्यांनी झाकलेलं काहीतरी सामान. मी पुढे बसले. आत काश्मीर होतं.

“किती छान गार आहे रे,” मी म्हटलं.

“काचा फुल बंद ठेवतो मॅडम, आणि बाहेरची हवा पण घेत नाय. आतलीच फिरवतो. गार राहायला पायजे ना.”

मला वाटलं, माझी किती काळजी.

ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. माझी शाळा मागे पडली तेव्हा दोघेही थोडे हळवे झालो. त्यानंतर माझं डोकं दुखायला लागलं. आधी मी ते गोरखने लावलेल्या गाण्यांवर ढकललं आणि गाणी बंद करायला लावली. डोकं थांबलं नाही. मग धाप लागायला लागली. सीटवर स्वस्थ बसलेली बाई, पण जिने चढल्यासारखा श्वास.

“गोरख, मला दम का लागतोय?”

“वय, मॅडम.”

हे बोलताना त्यालाही वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला होता. त्याचं कपाळ घामाने ओलं होतं, एवढ्या गारठ्यात.

“आणि तुला?”

“मला टेन्शन. लय मोठं काम हाय आजचं.” त्याने एक लांबलचक जांभई दिली.

तेव्हा माझं लक्ष मागे गेलं. “मागे काय ठेवलंयस?”

“ढग.”

“काय?”

“ढग, मॅडम. चाळीस किलो.”

चाळीस किलो ढग! त्याने कौतुकाने समजावलं. हल्ली नवरा-नवरी ढगांतून चालत येतात. त्यासाठी एमआयडीसीतून कोरडा बर्फ आणायचा, तो गरम पाण्यात टाकला की पांढरा धूर जमिनीवरून पसरतो. मागे थर्माकोलचे चार खोके होते, एकाचं झाकण फुटलेलं.

कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. मी एकतीस वर्षं त्याच्यावर गणितं घातली होती आणि आता पाऊण तास त्याच्याच शेजारी काचा बंद करून बसले होते.

मी खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण खोड जात नाही. मी पर्समधून पेन काढलं आणि हर्षदाच्या पत्रिकेच्या मागे लिहायला लागले. चाळीस किलो म्हणजे चाळीस हजार ग्रॅम. भागिले चव्वेचाळीस, कारण याच्या एका मोलचं वजन तेवढे ग्रॅम. नऊशे नऊ मोल. गुणिले बावीस पॉइंट चार. आणि इथे मी थांबले, कारण हा आकडा शून्य अंशाचा आहे आणि मे महिन्यात चांदवडच्या वाटेवर शून्य अंश कुठून असणार? साधारण पंचवीस लिटर धरायला हवेत. खोडलं, पुन्हा गुणलं. साडेबावीस हजार लिटर. माझं अक्षर वाकडं जात होतं. माझं अक्षर कधी वाकडं जात नाही.

“गोरख, ही गाडी आतून किती लांब-रुंद आहे?”

“सामानाची जागा धरून? अडीच मीटर, दीड मीटर, सव्वा मीटर उंची.” डेकोरेशनवाल्याला मापं तोंडपाठ असतात.

“म्हणजे साडेचार हजार लिटर. तुझ्या ढगाने ही गाडी पाच वेळा भरेल. अरे, त्यातला एक किलो जरी उडाला असेल तरी गाडीतल्या हवेचा आठवा हिस्सा तोच! बाहेरच्या हवेत असतो त्याच्या तीनशे पट! काच उघड!”

“काच उघडली तर बर्फ वितळेल ना मॅडम.”

“तो वितळत नाही! त्याचा सरळ वायू होतो! संप्लवन! नववीत शिकवलंय!” एवढं बोलून मला श्वासच पुरेना. मी माझ्या बाजूची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. उन्हाची झळ तोंडावर आदळली. आयुष्यात मला ऊन एवढं आवडलं नव्हतं.

गोरखने गाडी कडेला घेतली. उतरताना त्याचे पाय लटपटले, तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. आम्ही चारही दरवाजे उघडले, मागचं दारही, आणि लांब एका कडुनिंबाखाली जाऊन बसलो. दहा मिनिटांत माझा श्वास ताळ्यावर आला. डोकं ठणकत होतं. गोरख गाडीकडे बघत होता.

“मॅडम, मी दर सीझनला असाच जातो.”

“एकटा?”

“बहुतेक. उन्हाळ्यात काचा बंदच.” त्याने बाहीने कपाळ पुसलं. “मागच्या वर्षी येवल्याच्या रस्त्यावर गाडी डिव्हायडरवर घातली होती मी. भर दुपारी डोळा लागला. घरचे म्हणले, जागरणं लय होतात तुझी. मला पण तेच वाटलं.”

प्रमाण तापमान, प्रमाण दाब! शून्य अंश आणि समुद्रसपाटी! पिंपळगावात या दोन्ही गोष्टी कधीच नसतात. मी शेकडो पोरांना अशा जागेतल्या वायूचं गणित शिकवलं जिथे कोणी राहत नाही. बंद खोली, बंद गाडी, त्यात बसलेला माणूस, असं एकही गणित मी घातलं नव्हतं. गोरखला चव्वेचाळीस पाठ होते, बावीस पॉइंट चार पाठ होते. ते त्याच्या गाडीपर्यंत पोचले नव्हते.

पुढचा प्रवास एसी बंद आणि सगळ्या काचा उघड्या ठेवून केला. देवळा, सटाणा, सगळीकडची धूळ आम्ही सोबत घेतली. नामपूरच्या मंगल कार्यालयासमोर उतरले तेव्हा माझ्या केसांचं घरटं झालं होतं आणि मोतिया साडी विटकरी. हर्षदाचे वडील, नानासाहेब, हात जोडून पुढे आले आणि तसेच थांबले.

“मॅडम, तब्येत बरी शे ना?”

“बरी आहे. तुमचं कार्यालय दाखवा.”

माझं लग्नातलं काम वाढलं होतं. प्रवासात उडून खोक्यांत तीसेक किलो बर्फ उरला होता आणि गोरखने त्यासाठी काय रचून ठेवलंय ते मला बघायचं होतं. ते बघितलं आणि डोक्याचा ठणका परत सुरू झाला. स्टेजसमोर बारा फूट बाय बारा फुटांचं एक तळं केलेलं, कडेने दोन फूट उंच फ्लेक्सची भिंत. ते ढगाने काठोकाठ भरायचं. मधून नवरा-नवरी चालत येणार. आणि तळ्यात, ढगात बसून, सहा छोट्या पऱ्या फुलं उधळणार. पऱ्या तयार होत्या. पाच-सहा वर्षांच्या मुली, पाठीला पंख, आणि खाली मांडी घालून बसण्याची रंगीत तालीम चालू.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी बसतो. मांडी घातलेल्या परीचं नाक दोन फुटांच्या आतच येतं.

“गोरख,” मी म्हटलं, “तीस किलोचे किती लिटर?”

मला वाटलं तो माझ्याकडे बघेल. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं. पत्रिकेवर जागा नव्हती म्हणून तळहातावर लिहायला लागला. मध्ये एकदा भागाकार चुकला, तो त्याने थुंकी लावून पुसला. मग मापाची टेप काढून उगीचच तळं परत मोजलं. “सतरा हजार लिटर. तळ्यात मावतात आठ हजार.” आणि माझ्याकडे न बघताच तो ओरडला, “ए, त्या पोरींना बाहेर काढा! सगळ्यांना! आत्ताच्या आत्ता!”

यानंतर जे झालं त्याला लग्नातला मानापमान म्हणतात. पऱ्यांच्या सहा आया, दोन आत्या आणि एक व्हिडिओवाला आमच्यावर धावून आले. पंख भाड्याने आणले होते. तालीम आठवडाभर चालली होती. नवऱ्याचे मामा, पांढरा फेटा, मिशा वळवत आले. “कोण या बाई? आमच्या पोरी का उठवल्या?”

“त्या गुदमरतील.”

“धुराने? अहो, हा गार धूर आहे. मालेगावात आमच्या पुतण्याच्या लग्नात छातीपर्यंत होता.”

मी मोल सांगायला सुरुवात केली. मामांनी हात वर करून मला थांबवलं. “मोलाचं आम्हाला नका सांगू, खर्चाला आम्ही मागे नाही.”

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि हर्षदा बाहेर आली. एका डोळ्याला काजळ, दुसऱ्याला नाही. अर्धे केस पिनांत. मेकअपवाली मागे ब्रश घेऊन धावत होती.

“काय चाललंय?” तिने विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिने तळं बघितलं, पऱ्यांकडे बघितलं, आणि क्षणभर ओठ हलवत आकडेमोड केली. ती करताना ती नववीत दिसायची तशीच दिसत होती.

“मामा,” ती सासरच्या माणसाशी पहिल्यांदाच बोलत होती, पण आवाज फार्मसीच्या काउंटरवरचा होता. “पोरी तळ्यात बसणार असतील तर मी बाहेर येणार नाही.” आणि ती आत गेली.

मामांच्या मिशा खाली आल्या.

मग गोरख कामाला लागला. फ्लेक्सच्या भिंती काढल्या. सगळी दारं उघडली, पडदे वर बांधले, कूलरची तोंडं फिरवली. बर्फ फक्त आठ किलो वापरायचा ठरला. उरलेला त्याने कार्यालयामागच्या उघड्या माळावर ठेवला आणि तिकडे कोणी फिरकू नये म्हणून स्वतःचा एक माणूस बसवला. राहिल्या पऱ्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. गोरखने स्वयंपाकघराकडून सहा प्लास्टिकची स्टुलं आणली आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना तिघी-तिघी उभ्या केल्या.

“पऱ्या ढगात असतात का स्टुलावर?” मामांनी शेवटचा प्रयत्न केला.

“ढगाच्या वर असतात मामा,” गोरख म्हणाला. “खाली विमानं असतात.”

संध्याकाळी सात वाजता सनई वाजली आणि ढग सुटला. तो कसाबसा घोट्यापर्यंत आला. मामांच्या मते चहाच्या टपरीवरसुद्धा यापेक्षा जास्त वाफ असते. नवरा-नवरी पायांकडे बघत चालत आले, कारण तेवढाच ढग होता आणि तो हुकू नये असं त्यांनाही वाटत असावं. सहाही पऱ्यांनी स्टुलांवरून सगळी फुलं नेम धरून मामांच्या फेट्यावर टाकली. त्यांना तसं कोणी सांगितलं होतं की नाही, हे गोरखने मला शेवटपर्यंत कबूल केलेलं नाही.

परत येताना मी नानासाहेबांच्या भाच्याच्या गाडीतून आले. काचा उघड्या ठेवायला लावल्या. त्याला वाटलं मला गाडी लागते.

त्यानंतर गोरखचे फोन सुरू झाले. “मॅडम, हॉल साठ बाय चाळीस, उंची बारा, दारं तीन. किती किलो?” पहिले तीन वेळा मी सांगितलं. चौथ्या वेळी म्हटलं, तूच कर आणि मला तपासायला पाठव. मोबाइलवर तळहाताचे फोटो येऊ लागले. आता बर्फ तो उघड्या टेम्पोतून नेतो.

मागच्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. यावेळी गणित नव्हतं. एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलचं काम त्याने सोडलं होतं. खिडक्या नव्हत्या, गणित बसत नव्हतं. गिऱ्हाईक वैतागून दुसऱ्या डेकोरेशनवाल्याकडे गेलं.

“मग?” मी विचारलं.

“मग मी त्या दुसऱ्याकडं गेलो. म्हणलं, भाऊ, काम तू कर, पण धूर नको करू तिथं. तो ऐकंना. म्हणला, जळतो काय? मग बसवलं त्याला आणि शिकवलं सगळं, मोल म्हणजे काय इथपासून. दोन तास लागले.”

मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत सरळ बसले. “कसं शिकवलंस? माझ्यासारखं?”

“नाय नाय मॅडम,” तो घाईघाईने म्हणाला, “तुमच्यासारखं नाय. कळेल असं शिकवलं. गाडीत बसवलं त्याला, चारी दारं उघडी ठेवून हां, मागं एक रिकामा बॉक्स ठेवला. टेप दिली हातात. म्हणलं, आता मोज, या जागेत तू किती वेळ जगशील.”

या उत्तराच्या पहिल्या वाक्याचा मला राग यायला हवा होता.

“त्याला कळलं?” मी विचारलं.

“कळलं मॅडम. त्यानं पण सोडलं ते काम.”

“मग बरोबर शिकवलंस,” मी म्हटलं.